चावीचा 'च' आणि मोन्सिन्योर दालगादो

सकाळी हॉस्टेलमध्ये उठल्यापासून आपण काय काय करतो ते जरा आठवा. बादली घेऊन नळासमोर नंबर लावतो, रूमची चावी शोधतो, मेसमध्ये पाव आणि बटाट्याची भाजी खातो. वर्कशॉपमध्ये मेस्त्री बिजागरी कशी बसवायची ते दाखवतात, सिव्हिलवाले साइट व्हिजिटला जाऊन घमेल्यांची रांग बघून येतात, आणि घरी बाबांचा पगार झाला की आपल्या खात्यात पैसे येतात. आता मित्रांनो, यातले बादली, चावी, पाव, बटाटा, मेस्त्री, बिजागरी, घमेलं आणि पगार हे सगळेच्या सगळे शब्द पोर्तुगीज बोटीतून उतरून मराठीत आले आहेत असं कोणी सांगितलं तर? आधी विश्वास बसत नाही. मग वाटतं, हे शोधून कोणी काढलं असेल?

हे शोधणारे लोक बरेच झाले. पण शब्द कुठून आला एवढ्यावर न थांबता, तो येताना त्याचा आवाज कसा बदलला, कोणत्या गावात कसा बदलला आणि का बदलला, याचा जन्मभर हिशेब ठेवणारा माणूस आपल्या शेजारच्या गोव्यातला होता. त्यांचं नाव मोन्सिन्योर सेबास्त्यांव रुदोल्फो दालगादो. गोव्यात आणि पोर्तुगालमध्ये भाषेचा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव सांगावं लागत नाही. आपल्याकडे मात्र ते फारसं कानावर येत नाही, म्हणून हा लेखाचा खटाटोप.

दालगादोंचा जन्म ८ मे १८५५ रोजी बार्देश तालुक्यातल्या आसगाव या गावी झाला. म्हापशापासून अगदी जवळचं हे गाव. तेव्हाचा गोवा म्हणजे भाषांची मिसळ होती. बाजारात आणि शेतात कोकणी, कचेरीत आणि शाळेत पोर्तुगीज, चर्चमध्ये लॅटिन, देवळात मराठी. या सगळ्यांत कोकणीची अवस्था वाईट होती. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढून स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलायची सक्ती केली होती. हुकूम काही पूर्ण अमलात आला नाही, लोक कोकणी बोलतच राहिले. पण शिकलेल्या माणसाने कोकणीत बोलणं कमीपणाचं, ही समजूत मात्र पक्की बसली. आपल्या मातृभाषेची लाज वाटणं हा प्रकार आपल्या पिढीचा शोध नाही एवढं यावरून कळतं!

आसगाव आणि म्हापशाला सुरुवातीचं शिक्षण झाल्यावर दालगादो राशोलच्या सेमिनारीत दाखल झाले. १८८१ साली ते पाद्री झाले. हुशारी बघून त्यांना पुढच्या शिक्षणासाठी रोमला पाठवण्यात आलं. तिथे त्यांनी चर्चच्या कायद्यात आणि रोमन कायद्यात डॉक्टरेट मिळवली आणि १८८४ मध्ये ते परत आले. म्हणजे शिक्षण कायद्याचं, नोकरी चर्चची. भाषाशास्त्राची डिग्री त्यांच्याकडे नव्हती. तो विषय त्यांना नोकरीच्या बदल्यांनी शिकवला.

त्या काळी पूर्वेकडच्या बऱ्याच चर्चचा कारभार पोर्तुगालच्या राजाच्या अखत्यारीत असे. या व्यवस्थेला पाद्रुआदो म्हणत. पोर्तुगीजांचं राज्य गेलेलं असलं तरी त्या जुन्या ठिकाणी पाद्री गोव्याहून जात. दालगादो या व्यवस्थेत वरच्या हुद्द्यावर होते. आज सिलोन, मग कलकत्ता, तिथून पूर्व बंगाल, मग कर्नाटकातलं होन्नावर अशा त्यांच्या नेमणुका झाल्या. काही ठिकाणी त्यांनी शाळा काढल्या, होन्नावरला दवाखाना आणि मुलींची शाळा सुरू केली. आणि जिथे जातील तिथली भाषा ते शिकत गेले. कन्नड, तमिळ, सिंहली, बंगाली... बदलीची ऑर्डर म्हणजे त्यांच्या दृष्टीने नवीन सेमिस्टर आणि नवीन विषय.

या फिरतीत त्यांच्या कानावर एक गोष्ट सतत पडत होती. जिथे जिथे पोर्तुगीज एकदा येऊन गेले होते, तिथे तिथे पोर्तुगीज भाषा मागे राहिली होती, पण प्रत्येक ठिकाणी तिचा आवाज निराळा होता. सिलोनचंच उदाहरण घ्या. पोर्तुगीज तिथे १५०५ मध्ये उतरले आणि १६५८ मध्ये डचांनी त्यांना पूर्णपणे हाकललं. पुढे डचांनी १७९६ पर्यंत तिथे राज्य केलं आणि त्यानंतर इंग्रज आले. पण गंमत अशी की डच राजवटीतसुद्धा बाजारात आणि खुद्द डचांच्या घरात चालायची ती मोडकी म्हणून हिणवली जाणारी पोर्तुगीजच! राज्यकर्ते गेले, सैन्य गेलं, भाषा राहिली. आणि ती सांभाळली स्वयंपाकघरांनी, आयांनी, कोळ्यांनी, सुतार-लोहारांनी.

अशा भाषांना आज क्रिओल म्हणतात. पण तेव्हा लिस्बनच्या सुशिक्षित माणसाला विचारलं असतं तर उत्तर सरळ होतं : ही अडाणी लोकांची बिघडलेली पोर्तुगीज, तिचा अभ्यास काय करायचा? तरी युरोपात काही जण जागे झाले होते. लिस्बनच्या आदोल्फो कोएल्योंनी १८८० पासून आफ्रिका, आशिया आणि अमेरिकेतल्या अशा बोलींवर लेख लिहिले. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ह्युगो शुखार्ट नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी भारतात कधीही पाऊल न ठेवता, पत्रं पाठवून पाठवून कोचीन, दीव, मंगलोर, माहे इथल्या इंडो-पोर्तुगीज बोलींचे नमुने मिळवले आणि त्यावर अभ्यास छापले. पण पत्रातून अक्षर येतं, आवाज येत नाही. दालगादोंकडे जी गोष्ट होती ती या दोघांकडे नव्हती. ते त्या माणसांमध्ये राहिले होते, आणि त्या माणसांच्या दुसऱ्या भाषाही त्यांना येत होत्या.

मात्र त्यांचं पहिलं मोठं काम पोर्तुगीजवर नाही, कोकणीवर आहे. १८९३ साली मुंबईच्या 'इंदुप्रकाश' छापखान्यातून त्यांचा कोकणी-पोर्तुगीज शब्दकोश बाहेर पडला. कोकणी शब्द देवनागरीत आणि शेजारी त्याचं रोमन लिप्यंतर, शिवाय शब्दाची व्युत्पत्ती. आज हे वाचून फार काही वाटणार नाही. पण ज्या भाषेला बोलभाषा म्हणून नाक मुरडलं जात होतं, तिला एका पाद्र्याने संस्कृतपर्यंत जोडून दाखवावं आणि तेही देवनागरीत, ही त्या काळात धाडसाची गोष्ट होती. देवनागरी घेण्यात सोयही होतीच. ट आणि त, ड आणि द, ण आणि न हे फरक रोमन लिपीत खुणा लावून दाखवावे लागतात, आपल्याकडे त्यासाठी वेगळी अक्षरंच आहेत. उच्चारांचा अभ्यास करणाऱ्याला याहून बरं हत्यार कुठे मिळणार?

१८९५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, दालगादो लिस्बनला गेले आणि मग शेवटपर्यंत तिथेच राहिले. आयुष्यभर पोर्तुगीज शिकलेला माणूस राजधानीत पोचला खरा, पण राजधानीची पोर्तुगीज ही तरी सगळ्या पोर्तुगालची पोर्तुगीज होती का? इथे थोडं थांबून ही भाषा ऐकायला कशी आहे ते बघू, म्हणजे पुढचं नीट समजेल.

लिस्बनचे लोक जोर नसलेले स्वर गिळून टाकतात. लहान या अर्थाचा शब्द लिहिताना 'पेकेनो', पण बोलताना 'प्केनु' असा काहीतरी ऐकू येतो. शब्दाच्या शेवटचा स तिथे श होतो. म्हणून दोन या अर्थाचा 'दोइस' हा 'दोय्श' ऐकू येतो. ब्राझीलमध्ये हीच भाषा मोकळ्या स्वरांत बोलली जाते. तिथे 'पेकेनु' नीट तीन तुकड्यांत ऐकू येतो. पण रिओ दी जानेरोत त नंतर इ आली की त चा च होतो, आत्याला 'तीआ' न म्हणता 'चीआ' म्हणतात. शेवटचा ल तिथे उ होतो, म्हणून देशाचं नाव त्यांच्या तोंडी 'ब्राझीउ'. उत्तर पोर्तुगालमध्ये पोर्तो शहराच्या बाजूला व आणि ब यांत फरकच करत नाहीत. वाइनला लिस्बनमध्ये 'वीन्यु' आणि पोर्तोमध्ये 'बीन्यु'. बंगाली मित्र असलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

दालगादो लिस्बनला गेले तेव्हा या उच्चारांचा शास्त्रीय अभ्यास करणारी दोन माणसं तिथे काम करत होती. एक आनिसेतो गोन्साल्व्हिश व्हियाना. हे कस्टम खात्यातले अधिकारी. त्यांनी १८८३ मध्ये लिस्बनच्या उच्चारांचं बारकाईने वर्णन करणारा निबंध लिहिला, आणि पुढे १९११ च्या पोर्तुगीज स्पेलिंग सुधारणेमागेही मुख्य डोकं त्यांचंच होतं. दुसरे जोझे लेइते दी व्हास्कोन्सेलोस, डिग्रीने डॉक्टर. त्यांनी गावोगाव फिरून बोली गोळा केल्या आणि १९०१ मध्ये पोर्तुगीज बोलींचा पहिला मोठा आढावा पॅरिसमध्ये प्रसिद्ध केला. एक कस्टमवाला, एक डॉक्टर आणि आता त्यात एक गोवेकर पाद्री! ब्रँच एक आणि काम दुसऱ्याच क्षेत्रात, हे आपल्याकडेच होतं असं नाही.

या मंडळींनी पोर्तुगालच्या आतल्या बोलींना मान मिळवून दिला. दालगादोंनी तोच मान समुद्रापलीकडच्या बोलींना मिळवून दिला. १९०० साली त्यांचे दोन अभ्यास आले, एक सिलोनच्या बोलीवर आणि एक गोव्याच्या. १९०३ मध्ये दमणच्या बोलीवर, १९०६ मध्ये 'उत्तरेच्या' बोलीवर, आणि १९१७ मध्ये तमिळनाडूतल्या नागपट्टणमच्या बोलीवर. प्रत्येक वेळी पद्धत तीच. आधी त्या वस्तीचा इतिहास, मग कोणता ध्वनी कशात बदलतो, मग व्याकरण, मग शब्द आणि नमुने. पोर्तुगीजपेक्षा वेगळं काही दिसलं की ते चूक म्हणून सोडून न देता, तो बदल कशामुळे झाला हे ते शोधत. आणि उत्तर बहुतेक वेळा शेजारच्या भाषेत सापडे.

एक साधा शब्द बघा. घराला पोर्तुगीजमध्ये 'काझा' म्हणतात. दीवच्या बोलीत त्याचं 'काझ' झालं, शेवटचा आ गळाला. सिलोनच्या बोलीत तो आ टिकला आणि पहिला का चांगला लांब ओढला गेला. असं का? गुजराती किंवा मराठी बोलणाऱ्याला शब्दाचा शेवट व्यंजनावर आपटायची सवय असते. आपण 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो. तमिळ आणि सिंहली कानाला मात्र शेवटी स्वर हवा असतो आणि ऱ्हस्व-दीर्घाचा फरक तिथे फार महत्त्वाचा. म्हणजे पोर्तुगीज भाषा प्रत्येक बंदरात उतरली आणि तिने तिथल्या मातीचा लहेजा उचलला. इनपुट एक, सिस्टिम वेगळी, आउटपुट वेगळा. पण एका गावात सगळ्या शब्दांना नियम तोच लागतो, आणि नियम असेल तिथे बिघाड म्हणता येत नाही.

गोव्याचं प्रकरण आणखी वेगळं. तिथे घराघरात कोकणी जिवंत राहिली, त्यामुळे सिलोनसारखी नवीन भाषा तयार न होता कोकणी वळणाची पोर्तुगीज तयार झाली. उलट पोर्तुगीज नावं कोकणीच्या तोंडात बसली. लिस्बनचा 'झुआंव' गोव्यात 'जुवांव' झाला आणि खिडकीचा 'झनेला' तिथे 'जनेल' झाला. तोच शब्द बंगालीत 'जानाला' आणि मलयात 'जेंदेला' झाला.

यातला १९०६ चा अभ्यास आपल्याला सगळ्यात जवळचा. उत्तर म्हणजे गोव्याच्या उत्तरेचा पोर्तुगीज मुलूख : वसई, साष्टी, मुंबई, चौल. चिमाजीअप्पांची वसईची मोहीम आपण शाळेत शिकलो. १७३९ मध्ये वसई पडली, १७४० मध्ये चौलही मराठ्यांकडे आलं. शाळेच्या पुस्तकात धडा तिथे संपतो. पण पोर्तुगीज अधिकारी बोटीत बसून गेल्यावर जी साधी ख्रिस्ती माणसं मागे राहिली त्यांचं काय? त्यांच्यातल्या काहींच्या घरात दीडशे वर्षांनंतरही पोर्तुगीजचीच एक बोली चालू होती आणि दालगादोंनी ती नोंदवली. मुंबई-वसईची ती बोली पुढे विरून गेली. पण चौलच्या खाडीपलीकडे, रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळ, कोर्लईच्या किल्ल्याखालच्या वस्तीत अशीच एक बोली आजही हजाराच्या आसपास लोक बोलतात. आपल्या बोलीला ते 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. मूळ पोर्तुगीज शब्द 'नॉसा लिंग्वा'. शेवटचे स्वर इथेही गळालेले! १७४० नंतर पोर्तुगालशी संबंध तुटला, आजूबाजूला सगळी मराठी, तरी ती घरात टिकली. कुठल्याही सरकारने ती टिकवण्यासाठी काही केलं नव्हतं.

१९०७ मध्ये लिस्बनच्या कुर्सो सुपेरिओर दी लेत्राश या संस्थेत दालगादो संस्कृतचे प्राध्यापक झाले. 'हितोपदेश' त्यांनी १८९७ मध्येच पोर्तुगीजमध्ये आणला होता, नल-दमयंतीची कथा १९१६ मध्ये आणली. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये क्रांती होऊन राजेशाही गेली. नवीन प्रजासत्ताक चर्चच्या अगदी विरोधात होतं, तेव्हा पाद्र्यांसाठी ते दिवस सोपे नव्हते. तरीही दालगादोंचं शिकवणं चालू राहिलं. १९११ मध्ये त्यांची संस्था लिस्बन विद्यापीठाचा भाग झाली आणि त्याच वर्षी तिथल्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य म्हणून घेतलं. पण शरीर साथ देईना. आजारपणात त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले. पुढची वर्षं त्यांनी चाकाच्या खुर्चीत काढली. सिलोनपासून बंगालपर्यंत फिरलेला माणूस एका खोलीत अडकला. आणि नवल म्हणजे त्यांची सगळ्यात मोठी पुस्तकं याच शेवटच्या दहाएक वर्षांतली आहेत.

पहिलं १९१३ चं, कोइम्ब्रामध्ये छापलेलं. आशियातल्या भाषांवर पोर्तुगीज शब्दांचा काय परिणाम झाला हा त्याचा विषय, आणि त्यात सुमारे ५० भाषा आहेत! पोर्तुगीज शब्द घ्यायचा आणि तो कोकणी, मराठी, गुजराती, बंगाली, सिंहली, मलय, जपानी अशा भाषांत कोणत्या रूपात सापडतो ते एकाखाली एक मांडायचं. कॉम्प्युटर नाही, डेटाबेस नाही, सगळं कागदावर आणि डोक्यात.

असे शब्द शेजारी शेजारी ठेवले की काय दिसतं? पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटी एक नाकातला आवाज येतो, साधारण 'आंव' सारखा. भाकरीला ते 'पांव' म्हणतात. आता ही चीज प्रत्येक भाषेने आपापल्या परीने पकडली. कोकणीने नाक आणि ओठ दोन्ही ठेवले, 'पांव'. मराठीने ओठांचा गोलवा ठेवला आणि नाक सोडलं, 'पाव'. जपानी आणि सिंहली यांनी नाक ठेवलं, 'पान'. लिलावाची गोष्ट तशीच. मूळ 'लेइलांव', मराठीत 'लिलाव', हिंदीत 'नीलाम'. 'बाल्दी' या पोर्तुगीज शब्दाची आपण 'बालदी' केली आणि मग ल आणि द ची अदलाबदल करून 'बादली'. 'बिझाग्रा'तला झ आपल्याकडे 'बिजागरी'चा ज झाला.

सगळ्यात भारी आहे चावी. आज लिस्बनमध्ये चावीला 'शाव्ह' म्हणतात, श ने सुरुवात. मग आपल्याकडे च कुठून आला? मराठी माणसाला श म्हणता येत नाही असं थोडंच आहे! उत्तर असं की सोळाव्या शतकात, पोर्तुगीज इथे आले तेव्हा, ते स्वतःच त्या अक्षराचा उच्चार च करत. नंतर लिस्बनमध्ये तो घसरून श झाला. चहालाही ते आधी 'चा' म्हणत, आता 'शा' म्हणतात. उत्तर पोर्तुगालच्या खेड्यांमध्ये जुना च टिकून राहिला, आणि टिकला तो मराठी, गुजराती, हिंदी, बंगालीत. म्हणजे लिस्बनचा माणूस आपल्या 'चावी'ला हसला, तर त्याला सांगता येईल की बाबा रे, तुझ्या पणजोबांच्या पणजोबांचा उच्चार आम्ही जपून ठेवलाय, बदललायस तो तू!

अर्थात नुसत्या आवाजाच्या साम्यावर भरवसा ठेवून चालत नाही. साबणाचंच घ्या. पोर्तुगीज 'साबांव' आणि मराठी 'साबण' ऐकून वाटतं की मिळालं उत्तर. पण अरबीतही 'साबून' आहे आणि अरबी-फारसी शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या आधीपासून येत होते. म्हणून शब्द कोणत्या काळात, कोणत्या बंदरातून, कोणाच्या तोंडून आला हे सगळं तपासल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. एका रीडिंगवर ग्राफ काढू नये हे आपल्याला लॅबमध्ये शिकवतात, तसंच हे.

त्यानंतर त्यांनी उलटा प्रवास लिहिला. आशियातल्या भाषांमधून पोर्तुगीजमध्ये गेलेल्या शब्दांचा मोठा कोश दोन भागांत आला, पहिला १९१९ ला, दुसरा १९२१ ला. 'ग्लोसारियो लुसो-आझियातिको' या नावाने तो ओळखला जातो आणि जुने पोर्तुगीज कागद वाचणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकांना तो लागतोच. अगदी शेवटचं काम मात्र पुन्हा घरचं, कोकणी म्हणींचा संग्रह. तो १९२२ चा. त्याच वर्षी ४ एप्रिलला लिस्बनमध्ये त्यांचं निधन झालं. वय ६६. आसगावपासून हजारो मैलांवर, पायांशिवाय, पण हातात कोकणी म्हणी.

१९३६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये त्यांच्या १९१३ च्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर निघालं. ते बडोदा कॉलेजचे प्राध्यापक ए. एक्स. सोआरीस यांनी केलं. त्यामुळे पोर्तुगीज न येणाऱ्यांनाही ते वाचता येतं. गोव्यात त्यांच्या नावाने दालगादो कोंकणी अकादेमी निघाली. ही संस्था रोमन लिपीतल्या कोकणीसाठी काम करते, आणि दालगादोंचा १८९३ चा कोश देवनागरीत होता! गोव्यातला लिपीचा वाद इथे उघडत नाही. पण दोन्ही बाजूंना आपला वाटावा असा माणूस होता एवढं खरं.

मग या सगळ्याचा इंजिनिअरिंगच्या मुलांशी संबंध काय? माझ्या मते चांगलाच आहे. आपल्या हॉस्टेलमध्ये वऱ्हाडचा मुलगा 'पाणी'ला 'पानी' आणि 'डोळा'ला 'डोया' म्हणाला की अख्खी विंग हसते. पहिल्या वर्षी हसून घेतात, दुसऱ्या वर्षापर्यंत तो मुलगा व्हायव्हामध्ये तोंड उघडायला घाबरतो. आम्ही कॉन्व्हेंटवाले इंग्रजीच्या बाबतीत हेच करतो, कोणाचा उच्चार जरा वेगळा आला की भुवया वर. पण वऱ्हाडात ण चा न आणि ळ चा य होतो तो नियमाने होतो. ब्राझीलच्या खेड्यात मुलाला 'फिल्यु' न म्हणता 'फियु' म्हणतात, तिथेही ल चा असाच य झालाय. ब्राझीलच्या शेतकऱ्याने आणि वऱ्हाडच्या शेतकऱ्याने एकमेकांना विचारून केलेलं नाही. माणसाची जीभ जशी वळते तशी ती वळली.

दालगादोंनी पन्नास भाषा ऐकल्या आणि त्यातल्या एकीलाही अशुद्ध म्हणून बाजूला टाकलं नाही. त्यांनी फक्त विचारलं की हा आवाज इथे असा का झाला. पुढच्या वेळी मेसच्या टेबलवर कोणी वेगळा उच्चार केला, तर हसण्याआधी आपणही त्याला त्याच्या गावाचं नाव विचारायला हरकत नाही.